डिक्कीत पाणी येतंय? सीलंट लावण्याआधी गळती कुठे आहे ते शोधा

पाऊस पडून गेल्यावर गाडीत कुबट वास येतो, मागची काच आतून धुरकट होते, ब्रेक मारला की मागे पाणी डचमळल्यासारखा आवाज येतो. यातलं काहीही जाणवलं तर डिक्कीतलं कार्पेट उचला, स्टेपनी बाहेर काढा आणि खालच्या खड्ड्यात हात फिरवा. डिक्कीत शिरलेलं पाणी शेवटी बहुतेक वेळा तिथेच साचतं. टायर पंक्चर होईपर्यंत तिथे कुणी बघत नाही, तोवर जॅक आणि पत्रा दोन्ही गंजलेले असतात.

सोलापुरात हा प्रकार उशिरा लक्षात येतो. उन्हाळाभर पारा 40 च्या वर, गाडी उन्हात उभी, डिक्कीचं रबर कडक होऊन दबतं. पण खरा जोराचा पाऊस आपल्याकडे सप्टेंबरमध्ये. म्हणजे बिघाड मे महिन्यातला आणि पाणी चार महिन्यांनी.

बरेच जण थेट रबर बदलतात. पण पाणी मागच्या दिव्यांच्या दबलेल्या फोम पॅकिंगमधून, छताच्या पट्टीखालच्या तडकलेल्या जोडातून किंवा अँटेनाच्या बुडातूनही येतं. हॅचबॅकमध्ये मागच्या वायपरला पाणी नेणारी नळी निसटली, तर भर उन्हाळ्यातही डिक्की ओली होते! बंपरच्या आड हवा बाहेर जाण्यासाठी रबरी पडद्यांच्या जाळ्या असतात. त्यांच्या कडेनं पाणी येत असेल तर फक्त कडेचं सील बदला. जाळीच बुजवली तर आतली हवा कोंडते, दार जोरात आपटावं लागतं आणि काचा जास्त धुरकटतात.

शोधण्याची पद्धत आम्ही कोडमधला बग शोधतो तशीच: एका वेळी एकच जागा. डिक्की पूर्ण कोरडी करा, कडेची अस्तरं काढा, आतल्या पत्र्यावर टाल्कम पावडर भुरभुरा. मागची सीट पाडून एकजण टॉर्च घेऊन आत बसेल, दुसरा बाहेरून पाणी सोडेल. आत लहान मुलाला बसवू नका, आणि सीट पडत नसेल तर कुणालाच नको. पाणी खालून वर न्यायचं: आधी बंपरची कड, मग दिवे, मग रबर, शेवटी छत. प्रत्येक ठिकाणी दोन-तीन मिनिटं. वरून सुरुवात केली तर सगळंच भिजतं आणि काहीच कळत नाही. वॉशिंग सेंटरचा प्रेशर पंप नको, तो चांगल्या सीलमधूनही पाणी आत ढकलतो. नळाला रोज पाणी नसलं तरी अडत नाही, झाडांची झारी पुरते. पावडरवर ओघळ दिसला की तो वरच्या दिशेनं शोधत जा. थेंब पडतो ती जागा आणि पाणी शिरतं ती जागा वेगळी असू शकते.

रबरासाठी कागदाची पट्टी वापरा. पट्टी मध्ये ठेवून डिक्की बंद करा आणि ओढा. सहज सुटली तर तिथे दाब नाही. अशा वेळी आधी रबराखालची पत्र्याची कड वाकलीय का ते बघा. मागून गाडी ठोकली गेली असेल तर हे हमखास सापडतं, आणि ते काम डेंटरचं. नवीन रबर बसवताना त्याचा जोड खालच्या बाजूला मध्यावर ठेवा.

दिव्याची गळती घरीच निघते. आतले नट सोडवा, वायरचा कनेक्टर काढा, दिवा सरळ मागे ओढा, पॅकिंग बदला. नट आळीपाळीनं थोडे थोडे आवळा, जोर लावला तर दिव्याचं प्लॅस्टिक तडकतं.

पत्र्याच्या जोडाला बाथरूमचं व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन लावू नका. त्यातून सुटणारं ॲसिड उघड्या पत्र्याला गंजवतं. पॉलियुरेथेनचं सीम सीलर घ्या आणि जागा पूर्ण कोरडी असतानाच लावा.

जुनी गाडी घेताना हाच खड्डा बघा. ऑक्टोबर 2020 मध्ये सोलापूर-पंढरपूर भागात पूर आला होता; त्यानंतरच्या पावसाळ्यांतही गाड्या बुडाल्या आहेत. खड्ड्यात स्वच्छ पाणी किंवा नुसता गंज असेल तर बहुधा गळती. पण बारीक गाळ असेल आणि सीटबेल्ट पूर्ण ओढल्यावर त्यावरही मातीची रेष दिसली, तर गाडी पुरात उभी होती, वायरिंगसकट. असा सौदा सोडून द्या.

खड्ड्याच्या तळाला बहुतेक गाड्यांत रबरी बूच असतं. साचलेलं पाणी काढायला ते उघडा, पण परत लावा. उघडं राहिलं तर रस्त्यावरचं पाणी आणि धूळ खालून आत येते.