जपानची देवळे आणि त्यांचे अनेक जन्म

जपानला प्रथमच आणि एकट्याने जाणाऱ्या प्रवाशापुढे एक अडचण हटकून उभी राहते. नारा किंवा क्योटो या जुन्या राजधान्यांतील एखाद्या देवळापुढे तो थांबतो आणि सहज विचारतो, "हे देऊळ किती जुने?" उत्तरादाखल त्यास एक सन मिळत नाही, तीन-तीन मिळतात. स्थापना झाली तो एक, जळाले तो दुसरा, पुन्हा उभे राहिले तो तिसरा. वेरूळचे कैलास पाहून वाढलेल्या आपल्यासारख्यांस हे चमत्कारिक वाटते. आपल्या दगडाला एकच जन्म. जपानी देवळाला अनेक. मग त्यांतले खरे देऊळ कोणते? हाच प्रश्न आम्ही आज आपणांपुढे ठेवणार आहोत.

प्रारंभी नावाविषयी एक खुलासा करावयास हवा. तोदाइजी, होर्यूजी, किंकाकुजी या नावांच्या शेवटचा 'जी' आपल्या गुरुजींतला किंवा दादाजींतला नव्हे. जपानी भाषेत त्याचा अर्थ बौद्ध देऊळ असा आहे. ही देवळे लाकडाची. जपान हा भूकंपांचा देश. तेथे खाचा-कुसवांनी जोडलेला लाकडी सांगाडा हादऱ्याबरोबर डोलतो आणि पुन्हा स्थिर होतो. परंतु धरणीकंपास पुरून उरलेले लाकूड अग्नीपुढे हतबल असते. म्हणूनच जपानी देवळांचा इतिहास हा पुष्कळसा आगींचा इतिहास आहे, आणि आगीनंतर माणसांनी काय केले याचाही.

प्रवाशाने प्रथम नारा गाठावे. इ. स. ७१० ते ७८४ या काळात राजधानी येथे होती. ७३५ ते ७३७ या वर्षांत देवीच्या साथीने देश पोळून निघाला. लोकांच्या दुःखावर उतारा म्हणून सम्राट शोमू याने ७४३ साली एका प्रचंड बुद्धमूर्तीचा संकल्प सोडला. तोदाइजीतील ही कांस्यमूर्ती सुमारे १५ मीटर उंच आहे. ७५२ साली तिचे डोळे उघडण्याचा विधी झाला. त्या वेळी हाती कुंचला धरून मूर्तीच्या डोळ्यांत बुबुळे रेखली ती एका भारतीयाने, हे आपल्यापैकी किती जणांस ठाऊक असेल? बोधिसेन हे त्याचे नाव. दक्षिण भारतातला हा ब्राह्मण भिक्षू चीनमार्गे ७३६ साली जपानात पोहोचला होता. त्याच्या कुंचल्यास लांबच लांब रेशमी दोर बांधला होता आणि तो जमलेल्या लोकांनी हाती धरला होता. डोळे रेखणारा हात एक, पण पुण्याचे वाटेकरी सर्व, अशी ही योजना. बोधिसेन मायदेशी परतला नाही. ७६० साली तिकडेच त्याचा अंत झाला.

आता पुढचे पाहा. ११८० साली यादवी युद्धात ताइरा घराण्याचा सेनानी शिगेहिरा याने नारावर चाल केली आणि तोदाइजी भस्मसात झाले. मूर्ती वितळली, विद्रूप झाली. पुनर्बांधणीचे काम चोगेन नावाच्या भिक्षूकडे आले तेव्हा त्याचे वय ६१ होते. आपल्याकडे ज्या वयात माणूस काशीयात्रेचे मनात आणतो, त्या वयात हा गृहस्थ देशभर वर्गणी मागत फिरू लागला. दूरच्या डोंगरांतून त्याने अजस्र खोडे आणविली, चीनमधल्या ओतकाम जाणणाऱ्या कारागिरास हाताशी धरले. ११८५ साली मूर्तीचे डोळे पुन्हा उघडले. त्या वेळी निवृत्त सम्राट गो-शिराकावा याने जो कुंचला हाती घेतला, तो बोधिसेनाचाच होता! सव्वाचारशे वर्षे तो जपून ठेवला होता, आणि आजही तो तेथील शोसोइन या भांडारात आहे. देवळाचा दक्षिण दरवाजा ११९९ साली उभा राहिला. त्यातील आठ मीटरांहून उंच असे दोन द्वारपाल उंकेई आणि काइकेई या मूर्तिकारांनी आपल्या साथीदारांसह १२०३ साली अवघ्या ६९ दिवसांत घडविले. आज प्रवासी याच दरवाज्यातून आत जातो.

आत गेल्यावर मात्र चोगेनचे सभागृह दिसत नाही, कारण १५६७ साली तेही युद्धात जळाले. त्यानंतर शतकाहून अधिक काळ बुद्ध उघड्यावर, ऊनपाऊस खात बसला होता. १६८४ साली कोकेई नावाचा भिक्षू उठला आणि त्याने पुन्हा दारोदार झोळी फिरविली. १६९२ साली मूर्ती दुरुस्त झाली, १७०९ साली सभागृह पुरे झाले; कोकेई मात्र १७०५ सालीच गेला होता. हे नवे सभागृह जुन्यापेक्षा रुंदीने सुमारे एक तृतीयांश कमी आहे, कारण पैसा आणि मोठी झाडे दोहोंचीही वाण होती. तरीही ते जगातील मोठ्या लाकडी इमारतींत गणले जाते.

क्योटो ही ७९४ पासून १८६८ पर्यंत सम्राटांची राजधानी. देवळे इतकी की एका खेपेत पाहून होणे अशक्य. म्हणून आम्ही एकाच ठिकाणी थांबतो. सांजूसांगेन्दो हे सुमारे १२० मीटर लांबीचे सभागृह. त्यात करुणामूर्ती कान्नोनच्या, म्हणजे आपल्या अवलोकितेश्वराच्या, १००१ प्रतिमा ओळीने मांडल्या आहेत. ११६४ साली हे देऊळ बांधविले ते ताइरा कियोमोरी याने; आणि तोदाइजी जाळणारा शिगेहिरा हा याच कियोमोरीचा मुलगा. बापाने बांधावे आणि मुलाने जाळावे, हा न्याय सर्व देशांत सारखाच दिसतो. १२४९ साली हेही देऊळ पेटले. लोकांनी ज्वाळांतून मूर्ती बाहेर काढल्या. उभ्या हजार मूर्तींपैकी १२४ वाचल्या. उरलेल्या पुन्हा घडविण्यास वर्षे लागली. मधली मोठी बैठी मूर्ती १२५४ साली पुरी केली ती उंकेईचा मुलगा तांकेई याने, वयाच्या ८२ व्या वर्षी. पुढच्या रांगेत रक्षक देवता आहेत. त्यांत गरुड दिसतो, इंद्र दिसतो. परक्या मुलुखात एकटा हिंडणारा प्रवासी आपले देव असे अकस्मात भेटल्यावर क्षणभर घरी आल्यासारखा होतो.

क्योटो पाहताना एक कटू गोष्ट विसरता कामा नये. १९४५ साली अणुबाँबच्या लक्ष्यांच्या यादीत क्योटोचे नाव होते. अमेरिकेचे युद्धमंत्री हेन्री स्टिमसन यांनी आग्रहाने ते काढविले. १९२६ साली त्यांनी हे शहर पाहिले होते. पण एक नाव गेले तेव्हा त्या यादीत दुसरे आले, ते नागासाकीचे. ९ ऑगस्ट १९४५ रोजी तेथे काय झाले हे जगास ठाऊक आहे. देवळे वाचली याचा आनंद मानताना, तो कोणाच्या घरादाराच्या मोलाने मिळाला याचाही हिशेब ठेवला पाहिजे.

अखेरीस होर्यूजी. युवराज शोतोकु याने ६०७ साली स्थापिलेले हे देऊळ ६७० साली जळाल्याची नोंद आहे. तरी त्यानंतर लवकरच उभारलेल्या इमारती आजपावेतो टिकून जगातील सर्वांत जुन्या लाकडी वास्तूंत गणल्या जातात. तेथल्या पाचमजली पॅगोडाचा मधला खांब ज्या झाडाचा, ते ५९४ साली तोडले होते, असे झाडाच्या वर्तुळांवरून शास्त्रज्ञांनी दाखविले आहे. मुख्य सभागृहाच्या भिंतींवरची चित्रे पाहून जाणत्यांस अजंठ्याची आठवण होई. ही आठवण केवळ पुस्तकी नव्हती. आराइ कांपो नावाचे जपानी चित्रकार रवींद्रनाथांच्या बोलावण्यावरून १९१६ साली भारतात आले आणि पुढे अजंठ्यास राहून त्यांनी तेथील चित्रांच्या प्रती उतरविल्या. त्या प्रती १९२३ च्या भूकंपानंतरच्या आगीत टोकियोस जळाल्या. त्यापूर्वीही हेच घडले होते. रॉबर्ट गिलने केलेल्या बहुतेक प्रती १८६६ साली, तर मुंबईच्या कलाशाळेच्या ग्रिफिथ्सने विद्यार्थ्यांकरवी करविलेल्या अनेक प्रती १८८५ साली लंडनमध्ये जळाल्या. तेच कांपो १९४० पासून होर्यूजीची चित्रे उतरविण्यास बसले आणि १९४५ साली काम अपुरे असतानाच निवर्तले.

२६ जानेवारी १९४९ रोजी पहाटे ते सभागृह पेटले. चित्रकारांच्या विजेच्या उबदार बैठकीवर संशय घेतला गेला. भिंती उरल्या, रंग गेले. दैवाची गंमत पाहा : अजंठ्याचे मूळ राहिले आणि प्रती जळाल्या, होर्यूजीचे मूळ जळाले आणि प्रती राहिल्या. त्या प्रती आणि १९३५ साली घेतलेली पूर्णाकार छायाचित्रे यांच्या आधारे १९६७-६८ साली चित्रकारांनी ती चित्रे पुन्हा रेखाटली. १९५० च्या मे महिन्यात सांस्कृतिक ठेव्याच्या रक्षणाचा कायदा झाला. आणि दोन महिन्यांच्या आतच, २ जुलैस, क्योटोचे किंकाकुजी हे सुवर्णमंदिर तेथल्याच एका तरुण भिक्षूने पेटवून दिले. १९५५ साली तेही पुन्हा उभे राहिले. १९५५ पासून २६ जानेवारी हा दिवस जपानात जुन्या ठेव्याच्या अग्निरक्षणाचा म्हणून पाळला जातो. त्या दिवशी देवळादेवळांतून पाण्याच्या फवाऱ्यांची तालीम होते.

तर मग खरे देऊळ कोणते? आमच्या मते, प्रश्न लाकडाविषयी विचारला की उत्तर सापडत नाही. माणसांविषयी विचारला की सापडते. चोगेनची आणि कोकेईची झोळी, तांकेईची छिन्नी, ज्वाळांत शिरून मूर्ती उचलणारे अनाम हात, ही परंपरा तुटली नाही म्हणून देऊळ तेच राहिले. पण यावरून जळाले तर पुन्हा बांधू, असा सोपा निष्कर्ष कोणी काढू नये. होर्यूजीच्या भिंतींवरचा गेलेला रंग कोणत्याही कायद्याने परत आला नाही. आपल्या अजंठ्याचा दगड पक्का आहे, पण त्यावरचा गिलावा आणि रंग होर्यूजीच्या भिंतीइतकाच नाजूक आहे. दगडाच्या भरवशावर आपण निर्धास्त राहिलो, तर झोळी घेऊन उठणारा चोगेनही तेथे काही करू शकणार नाही. जपानला जाणाऱ्याने देवळाचे वय जरूर विचारावे. मात्र त्यापाठोपाठ, ते कोणी राखले, हेही विचारावे. आणि परत आल्यावर तोच प्रश्न आपल्या गावात विचारावा.