२४ ऑगस्ट २०११ : ताजा अतिनवतारा सापडला

सप्तर्षी तारकासमूहातील एम १०१ या दीर्घिकेत, सुमारे २ कोटी १० लाख प्रकाशवर्षांवर फुटलेला तारा या दिवशी सापडला. कॅलिफोर्नियातील पालोमार वेधशाळेच्या ४८ इंची दुर्बिणीने तो टिपला. मोहिमेचे प्रमुख होते श्रीनिवास कुलकर्णी; जन्म सांगलीशेजारच्या, कृष्णाकाठच्या कुरुंदवाडचा. स्फोटाचा प्रकाश पृथ्वीवर पोहोचू लागून तेव्हा जेमतेम अर्धा दिवस झाला होता! इतक्या लवकर नजर पडली म्हणूनच फुटलेला तारा श्वेत बटू असल्याचा भक्कम पुरावा मिळाला. अशाच स्फोटांच्या तेजावरून दूरच्या दीर्घिकांची अंतरे मोजतात, त्यामुळे या शोधाचे मोल फार मोठे. सप्टेंबरात तर तो हौशी निरीक्षकांच्या लहान दुर्बिणींतूनही दिसला. कुलकर्णी यांना २०२४ मध्ये शॉ पुरस्कार मिळाला.