ध्वनिरूपांतर : एका आवाजातून दुसऱ्या आवाजाकडे

बंगळुरू : एका ध्वनीचे दुसऱ्या ध्वनीत, कोठेही सांधा न जाणवता, क्रमशः परिवर्तन करण्याच्या संगणकीय प्रक्रियेस ध्वनिरूपांतर किंवा ‘साउंड मॉर्फिंग’ म्हणतात. संगीतनिर्मितीत रुजलेल्या या तंत्राचा विचार आता मानवी आवाजाच्या संदर्भातही करावा लागत आहे.

मिश्रण आणि रूपांतर यांत मूलभूत भेद आहे. बासरीचा आवाज कमी करीत सनईचा वाढवीत नेल्यास मधल्या टप्प्यावर दोन्ही वाद्ये ऐकू येतात. रूपांतरात मात्र तेथे एकच ध्वनी असतो. तो ना बासरीचा, ना सनईचा.

त्यासाठी ध्वनीचे काही मिलिसेकंदांचे तुकडे पाडून प्रत्येकातील मूळ वारंवारता, तिच्या पटीतील उपस्वर, वर्णपटाचा आकार आणि फुंकरीसारखा स्वरहीन अंश वेगळा केला जातो. दोन्ही ध्वनींतील समान घटकांच्या जोड्या लावून त्यांची मूल्ये टप्प्याटप्प्याने बदलली जातात व त्यांतून नवा ध्वनी रचला जातो. हे गणित कानाच्या जाणिवेनुसार करावे लागते : २०० आणि ४०० हर्ट्झ या स्वरांचा सांगीतिक मध्य ३०० नव्हे, तर सुमारे २८३ हर्ट्झ असतो.

अठराव्या शतकातील गायकावरील ‘फारिनेल्ली’ (१९९४) या चित्रपटासाठी पॅरिसच्या ‘इर्काम’ संस्थेत डेरेक ली रेगिन व एव्हा मालास-गोदलेव्स्का या पुरुष व स्त्री गायकांच्या आवाजांतून एकच आवाज घडविण्यात आला.

बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील ‘स्पायर’ प्रयोगशाळा भारतीय भाषांतील वाक्संश्लेषणावर काम करते. तिच्या पुढाकाराने झालेल्या ‘लिमिट्स’ या संशोधन-स्पर्धेत २०२३ मध्ये मराठी, हिंदी व तेलुगू भाषांचा समावेश होता. एका भाषेच्या निवेदकाच्या आवाजात दुसऱ्या भाषेतील वाक्य ऐकविणे, हे त्यातील एक आव्हान होते. २०२४ मध्ये आवाजाची प्रतिकृती हाच विषय होता.

वाद्यांबाबत न उद्भवणारा संमतीचा प्रश्न येथे उपस्थित होतो. ‘लाल सलाम’ (२०२४) या तमिळ चित्रपटासाठी दोन दिवंगत गायकांचे आवाज वापरताना कुटुंबीयांची परवानगी घेऊन मोबदला दिल्याचे संगीतकार ए. आर. रहमान यांनी जाहीर केले होते. विनासंमती अनुकरणाविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये अरिजित सिंह यांना, तर सप्टेंबर २०२५ मध्ये आशा भोसले यांना अंतरिम संरक्षण दिले. आवाज हा व्यक्तिमत्त्वाचा भाग असून त्यावर व्यक्तीचा हक्क आहे, ही भूमिका या आदेशांच्या मुळाशी आहे.