भंगारातील वारसा : बीड जिल्ह्यातील सुतार-लोहारांची जुनी हत्यारे

राजघराण्यांचा इतिहास बखरींत सापडतो, देवस्थानांचा सनदांत सापडतो, सरदारांचा त्यांच्या वाड्यांच्या पडक्या भिंतींवरूनही वाचता येतो. परंतु ज्यांनी त्या वाड्यांच्या तुळया तासल्या, ज्यांच्या नांगराने गावची जमीन उलटली आणि ज्यांच्या ऐरणीवर गावचे विळे-खुरपे घडले, त्या आमच्या वाडवडिलांचा इतिहास कोठे शोधावा? दफ्तरांत त्यांची नावे क्वचितच आढळतात. आमच्या मते त्यांचा खरा इतिहास त्यांच्या हत्यारांत साठलेला आहे. आणि खेदाची गोष्ट अशी की, तो इतिहास आज आठवडी बाजारात भंगाराच्या ढिगात किलोच्या भावाने विकला जात आहे.

नेकनूर, अंबाजोगाई, परळी येथील बाजारांत, किंवा कोठल्याही तालुक्याच्या गावी भंगारवाल्याच्या दुकानापुढे थोडा वेळ उभे राहावे. सायकलींची मोडकी चाके, फुटक्या बादल्या आणि पत्र्याचे डबे यांच्या खाली एखादा वाकस, दांडा गळालेली पटाशी, किकरे किंवा गंजलेली सांडशी हटकून दिसते. घर पाडले, वाटण्या झाल्या, मुलगा शहरात नोकरीस गेला, की माळ्यावरची हत्यारांची पेटी प्रथम बाहेर निघते. पुण्यास रविवारी व बुधवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात अशा वस्तूंना थोडे तरी गिऱ्हाईक मिळते. आमच्या जिल्ह्यात ती हत्यारे तराजूत पडतात आणि तेथेच त्यांची ओळख संपते.

या हत्यारांचे मोल समजण्यासाठी गावगाड्याची व्यवस्था ध्यानी घेतली पाहिजे. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली प्रसिद्ध केलेल्या ‘गावगाडा’ या ग्रंथात तिचे सविस्तर वर्णन आहे. बारा बलुतेदारांत सुतार आणि लोहार यांची गणना पहिल्या ओळीत होत असे, कारण त्यांच्यावाचून शेतीच थांबली असती. मृगाच्या आधी तिफणीचे फण बसविणे, चाड्याची भोके नीट करणे, वखराची पास शेवटून घेणे, नांगराचे रुमणे बदलणे या कामांसाठी सुताराच्या व लोहाराच्या दारी कुणब्यांची रीघ लागे. मोबदला रोख नसे. सुगीच्या वेळी खळ्यावर धान्य मिळे. ही व्यवस्था आम्ही सोन्याची मानीत नाही. पाऊस न पडल्यास खळे रिकामे आणि बलुतेही रिकामे. आणि ज्याचा बाप सुतार त्याने सुतारच व्हावे, हा नेम होता. परंतु त्या बंधनात राहूनही ज्यांनी हात इतका तयार केला, त्यांच्या कसबाचा गौरव करण्यास ही उणीव आड येऊ नये.

त्या कसबाचा उत्तम नमुना म्हणजे बैलगाडीचे चाक. मधला तुंबा, त्यात बसविलेले आरे, आऱ्यांच्या टोकांवर जोडलेले पुठ्ठे आणि सर्वांना आवळून धरणारी लोखंडी धाव, अशी त्याची रचना. लाकूड बहुधा बाभळीचे, चांगले वाळलेले. सुताराने चाक पुरे केले की लोहाराचे काम सुरू होई. धाव चाकाच्या घेरापेक्षा किंचित लहान घडवावयाची, गोवऱ्यांच्या जाळात लाल करावयाची, तापून ती प्रसरण पावली म्हणजे सांडशांनी उचलून चाकावर बसवावयाची आणि लागलीच पाणी ओतावयाचे. लोखंड आकुंचन पावे आणि सारे सांधे करकचून आवळले जात. धाव किती लहान ठेवावी, हे पुस्तकात पाहून नव्हे, नजरेने ठरे. धाव सैल राहिली तर चाक खिळखिळे होई, फार आवळली तर आरे वाकत. अर्थात सुतार व लोहार यांचा एकमेकांच्या हातावर विश्वास असल्याखेरीज गावात एकही गाडी चालली नसती.

आता प्रत्यक्ष हत्याराकडे वळू. गावच्या लोहाराने घडविलेले हत्यार ओळखण्याची खूण सोपी आहे. त्याचे अंग मऊ लोखंडाचे असते आणि धारेपुरताच पोलादाचा तुकडा तापवून, ठोकून जोडलेला असतो. पोलाद महाग होते, म्हणून जेथे धार तेथेच ते वापरावयाचे. गंज काढून धारेची बाजू घासली असता दोन धातूंमधील रेघ पुष्कळदा डोळ्यांस दिसते. मग पाणी देण्याची क्रिया. पाते लाल करून पाण्यात बुडविले की ते कठीण होते, पण ठिसूळही होते. म्हणून पुन्हा मंद तापवून पात्यावर चढणारा रंग पाहावयाचा. गवती पिवळा रंग आला की धारेचे हत्यार तयार झाले. निळा रंग आला तर धार मऊ पडली. उष्णतामापक यंत्र ज्यांनी कधी पाहिले नाही, अशा माणसांनी हे ज्ञान पिढ्यानुपिढ्या डोळ्यांत जपले. त्यात स्त्रियांचाही वाटा मोठा होता. लोहाराच्या घरी भाता चालविणे हे बहुधा त्यांचेच काम असे, आणि कित्येक घरी घणाचा घावही त्याच घालीत.

आमचा जिल्हा पूर्वी ज्या हैदराबाद संस्थानात होता, ते संस्थान लोखंडाच्या कामासाठी दूरवर प्रसिद्ध होते. सध्याच्या तेलंगणातील निजामाबादजवळच्या कोनसमुद्रम् येथे मुशीत तयार होणारे पोलाद घेण्यासाठी इराणचे व्यापारी येत. खुद्द बीड शहर कातडी छागली आणि गुप्त्या यांसाठी नावाजलेले होते, अशी नोंद विसाव्या शतकाच्या आरंभीच्या सरकारी गॅझेटिअरात आहे. काठीच्या पोटात पाते बसविण्याचे ते नाजूक काम ज्या हातांनी केले, ते हात आमच्याच समाजाचे होते, हे विसरता कामा नये.

जुन्या करवतीकडे पाहा. तिचे दाते बहुधा आपल्याकडे ओढताना कापतील असे असतात. विलायती करवत पुढे ढकलताना कापते. आमचा कारागीर जमिनीवर बसून, पायाच्या अंगठ्यांनी व टाचांनी लाकूड धरून काम करी. उभे राहून काम करावयाचे ओटे त्याला नव्हते. म्हणजे करवतीच्या दातांत त्याच्या बैठकीचाच इतिहास कोरलेला आहे. भोक पाडण्याचा सामता दोरीने फिरविला जाई. एकाने धरावा, दुसऱ्याने दोरी ओढावी, आणि हा दुसरा बहुधा घरातील पोर असे. त्या पोराचे शिक्षण तेथेच सुरू होई. लाकडी गज सापडला तर तो अवश्य ठेवावा. त्यावर चोवीस तसूंच्या खुणा असतात. १९५८ पासून दशमान पद्धत टप्प्याटप्प्याने आली आणि तसू हा शब्दही मागे पडला.

या ढिगांत कधी कधी परदेशी पाहुणेही भेटतात. अमेरिकेतील स्टॅन्ले कंपनीचा लोखंडी रंधा, इंग्लंडातील शेफील्डचा शिक्का असलेली कानस किंवा पटाशी. १९०० साली मनमाडहून जालना-परभणीमार्गे हैदराबादकडे जाणारी रेल्वे सुरू झाल्यावर असा माल मराठवाड्यात येणे सुलभ झाले. आमच्या कारागिरांनी तो आंधळेपणाने स्वीकारला नाही. विलायती पात्याला बाभळीची मूठ बसवून, आपल्या हाताच्या बेताने ते त्याला आपलेसे करीत.

मग हे सारे लयास का गेले? कोणा एकाचा दोष नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी विसाव्या शतकाच्या आरंभी लोखंडी नांगर काढला. प्रथम शेतकरी तो घेण्यास धजत नव्हते. पुढे तो घरोघरी गेला आणि लाकडी नांगर मागे पडला. टायरची गाडी आली, तशी धाव बसविण्याचा जाळ विझला. त्यामागून ट्रॅक्टर आला, वीज आली, कारखान्यात बनलेली दारे-खिडक्या आल्या. आमच्या जिल्ह्यात एकच हातहत्यार अद्याप जोमाने जगते आहे, ते म्हणजे ऊसतोडणीचा कोयता. दरवर्षी लाखो माणसे तो घेऊन दसरा-दिवाळीनंतर साखर कारखान्यांकडे जातात, आणि नवरा-बायकोच्या जोडीलाच ‘एक कोयता’ म्हणतात. हत्याराचे नाव माणसाला चिकटावे, याहून त्या कष्टांची साक्ष दुसरी कोणती?

बाकीची हत्यारे भंगाराच्या गाडीतून जातात. शेजारच्या जालन्यात भंगार वितळवून सळया करण्याच्या मोठाल्या भट्ट्या आहेत. आपल्या आजोबांचा वाकस अशाच एखाद्या भट्टीतून सळई होऊन नातवाच्या स्लॅबमध्ये जात असेल. लोखंड वाया जात नाही, हे खरे. परंतु लोखंडाबरोबर जे शब्द, ज्या युक्त्या आणि ज्या खुणा वितळतात, त्या कोणत्याही साच्यातून परत ओतता येत नाहीत. आज किकरे आणि पटाशी यांतील भेद सांगणारे वृद्ध प्रत्येक गावात बोटांवर मोजण्याइतके उरले आहेत.

कोणी म्हणतील, गंजलेले लोखंड जपून काय होणार? त्यांस आम्ही पुण्याच्या दिनकर केळकरांचे उदाहरण देतो. अडकित्ते, दिवे, दौती अशा ज्या वस्तू लोक टाकून देत, त्या त्यांनी जन्मभर गोळा केल्या; १९७५ साली तो संग्रह शासनाच्या स्वाधीन झाला आणि आज देशोदेशीचे लोक तो पाहण्यास येतात.

म्हणून समाजबांधवांस आमची नम्र विनंती आहे. घरातील पेटी विकण्यापूर्वी ती उघडून पाहावी. प्रत्येक हत्याराचे नाव, उपयोग आणि ते कोणी वापरले हे वडीलधाऱ्यांना विचारून वहीत उतरवावे. गंज चढू नये म्हणून तेलाचा हात फिरवावा. गावात एखाद्या शाळेत किंवा मंदिराच्या ओवरीत एक कपाट मिळाले तरी संग्रहास आरंभ होईल. मराठवाडा मुक्तिदिनी, १७ सप्टेंबर २०२३ रोजी, केंद्र सरकारने अठरा पारंपरिक व्यवसायांसाठी विश्वकर्मा योजना सुरू केली. तीत सुतार व लोहार आहेत, आणि नव्या हत्यारांसाठी पंधरा हजार रुपयांपर्यंत साहाय्याची तरतूद आहे. नवी हत्यारे अवश्य घ्यावीत. तरुणांनी यंत्रावरही प्रावीण्य मिळवावे. मात्र नवे आले म्हणून जुने तराजूत घालण्याचे कारण नाही.

खंडेनवमीस आपण हत्यारांची पूजा करतो आणि माघ शुद्ध त्रयोदशीस विश्वकर्म्याचा उत्सव करतो. येत्या खंडेनवमीस प्रत्येक घरी आजोबांचे निदान एक हत्यार पाटावर मांडले जावे, आणि ते काय आहे हे घरातील सर्वांत लहान मुलास सांगता यावे, एवढीच आमची अपेक्षा आहे.