नाव नसलेला थकवा

बंगळूरच्या पोस्टिंगमध्ये एका लष्करी इस्पितळाच्या बाकावर साताऱ्याकडचे एक निवृत्त हवालदार भेटले. रक्त, लघवी, एक्स-रे सगळं ठीक. "पण एक जिना चढलो की दोन दिवस उठवत नाही," म्हणाले. हीच तक्रार घेऊन ते रिलीज मेडिकल बोर्डापुढे गेले होते. कागदावर शेरा पडला : नाना. आपल्या गावात नाना म्हणजे घरातलं वडीलधारं माणूस. फौजेत 'नायदर अ‍ॅट्रिब्युटेबल नॉर अ‍ॅग्रव्हेटेड', म्हणजे आजार नोकरीमुळे झाला नाही, वाढलाही नाही. डिसॅबिलिटी पेन्शन तिथेच संपली.

हे दुखणं जुनं आहे. अमेरिकेच्या यादवी युद्धात डॉ. जेकब दा कोस्टा यांनी फिलाडेल्फियात तीनशेवर सैनिक तपासले. धाप, धडधड, थकवा, पण हृदयात दोष सापडेना. १८७१ मध्ये त्यांनी ते छापलं. पहिल्या महायुद्धात थॉमस लुइस यांनी त्याला 'एफर्ट सिंड्रोम' म्हटलं. नाव बदललं, एवढंच. १९९१ च्या आखाती युद्धानंतर पुन्हा तेच सुरू झालं, तेव्हा अमेरिकन काँग्रेसने १९९४ मध्ये कायदाच केला : निदान झालं नाही तरी आखातातून आलेल्या सैनिकाला भरपाई देता येईल. २००१ मध्ये त्यात क्रॉनिक फटीग सिंड्रोमचं नावही घातलं.

आपले १९८२ चे नियम याच्याही आधीचे, आणि माझ्या मते बरेच उदार. नियम ९ म्हणतो, हक्क सिद्ध करण्याचा बोजा जवानावर नाही, शंकेचा फायदा त्यालाच. पण नियम कपाटात आणि शिक्का हातात! सिग्नल्सचे धर्मवीर सिंह १९८५ ला भरती झाले, १९९४ ला फिट्सच्या आजाराने, २० टक्के अपंगत्व घेऊन घरी गेले. त्यांनाही पेन्शन नाकारली. २ जुलै २०१३ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं : भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर माणूस तंदुरुस्त आला असं धरा, नोकरीशी संबंध नाही म्हणायचं तर बोर्डाने कारण लिहावं.

२०२३ च्या सप्टेंबरपासून नवे नियम आहेत. आमचे हवालदार त्याआधीचे.

"सिक रिपोर्ट किती वेळा केलात?" मी विचारलं.

"कॅटेगरी लागली असती. प्रमोशन गेलं असतं."

हे आपल्यापैकी कोणी केलं नाही? तरी पिशवीतल्या फाइलमध्ये एक जुनी चिठ्ठी निघाली : थकवा, तीन दिवस विश्रांती. अपिलाला जोडायची म्हणून आम्ही गेटबाहेर झेरॉक्सचं दुकान शोधायला निघालो. चढ होता. दोनदा थांबलो.