गोरज मुहूर्त, गोठा आणि कॅमेरा : भूगावच्या वाटेवरून लग्न-चित्रणाचा इतिहास

१/
भूगाव, तालुका मुळशी. पौड रस्त्यालगतच्या एखाद्या लॉनवर संध्याकाळचे लग्न असते. लाकडी तुळयांचा, उतरत्या छपराचा मांडव. कोपऱ्यात रचलेले गवताचे गठ्ठे, बैलगाडीचे चाक, कंदील. वर ड्रोन, खाली तीन कॅमेरे. पत्रिकेवर छापलेले असते ‘गोरज मुहूर्त’. गोठ्याचे रूप आहे, गोरजाचे नाव आहे. गुरे मात्र कोठेही नाहीत. लग्नाच्या चित्रफितीत हे ग्रामीण दृश्य कोठून आले आणि त्यामागचे खरे गाव कोठे गेले, याचा हा मागोवा.

२/
‘गोरज’ म्हणजे गाईंच्या खुरांनी उडालेली धूळ, संस्कृतात ‘गोधूलि’. दिवसभर रानात चरलेली गुरे सूर्यास्ताच्या सुमारास गोठ्याकडे परततात, ती ही वेळ. विवाहासाठी दुसरी निर्दोष वेळ मिळत नसेल तर गोरजावर लग्न लावावे, अशी ज्योतिषपरंपरेतील सोय आहे. दिवसाच्या सगळ्या मुहूर्तांत गुरांच्या दिनक्रमावरून नाव पडलेला हा मुहूर्त शेतकरी समाजाला जवळचा वाटला, यात नवल नाही.

३/
या वेळेची व्याख्याही नोंदलेली आहे. राम दैवज्ञाने काशी येथे शके १५२२ मध्ये, म्हणजे इ. स. १६०० मध्ये, ‘मुहूर्तचिंतामणि’ हा ग्रंथ रचला. त्यात गोधूलीची वेळ ऋतूनुसार बदलते. हेमंतात सूर्य तेज ओसरून गोळ्यासारखा दिसू लागतो तेव्हा, उन्हाळ्यात तो अर्धा मावळतो तेव्हा आणि पावसाळ्यात पूर्ण मावळल्यावर. मुहूर्ताची ही व्याख्या आकड्यांत नाही, उजेडात आहे. ती डोळ्यांनी ओळखायची आहे.

४/
इतर मुहूर्तांसाठी साधन लागे. घटिकापात्र म्हणजे बुडाला बारीक छिद्र असलेली वाटी. ती पाण्याने भरलेल्या भांड्यात सोडली की २४ मिनिटांत भरून बुडे. ती एक घटका. अशा ६० घटकांचा एक अहोरात्र. वधू-वरांमध्ये अंतरपाट, बाजूला मंगलाष्टके आणि घटका भरण्याकडे लागलेले लक्ष, असे जुन्या लग्नाचे स्वरूप होते. घटका भरली की अंतरपाट दूर होई आणि अक्षता पडत. हा क्षण एकदाच येतो. पुढे कॅमेऱ्याला सर्वांत मोठे आव्हान याच क्षणाने दिले.

५/
हे सारे घडे ते घरी. मुहूर्तमेढ रोवायची ती दारात, मांडव घालायचा तो अंगणात किंवा वाड्याच्या चौकात. गावाकडे अंगणाच्या एका अंगाला गोठा असे, पलीकडे खळे. भावकी, बलुतेदार, शेजारपाजार हेच साक्षीदार. लग्न झाले की नाही, याचा पुरावा कागदावर नसे. तो गावाच्या स्मरणात असे.

६/
कॅमेरा मात्र प्रारंभी या अंगणापर्यंत पोहोचला नाही. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, तेव्हा छायाचित्रणाची काच मंदगतीने काम करी आणि बसणाऱ्याला निश्चल राहावे लागे. त्यामुळे लग्नाचे छायाचित्र म्हणजे स्टुडिओत, रंगवलेल्या पडद्यापुढे बसलेले जोडपे. १८८७ पासून मॅग्नेशियमच्या भुकटीचा झगझगाट उपलब्ध झाला. पण धूर आणि भडका यांमुळे तो मांडवात गैरसोयीचाच होता. गोरजाचा अंधुक उजेड त्या काळच्या कॅमेऱ्याच्या आवाक्याबाहेर होता.

७/
७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या चलत्चित्रांचा खेळ झाला. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजेच सावेदादा, यांनी त्यानंतर इंग्लंडहून २१ गिनींना कॅमेरा मागवला. १८९९ साली त्यांनी हँगिंग गार्डनमध्ये पुंडलिक दादा आणि कृष्णा न्हावी यांची कुस्ती चित्रित केली. विषयाची निवड सूचक होती : उघडे मैदान, भरपूर ऊन आणि ठरलेल्या जागी घडणारी झटापट. (डिसेंबर २०१७ मध्ये महाराष्ट्र केसरीची कुस्ती झाली ती याच भूगावात, अनेक कॅमेऱ्यांसमोर.)

८/
खासगी समारंभाचे चित्रण शक्य झाले ते हौशी कॅमेऱ्यांमुळे. पाथेचा ९.५ मिलिमीटरचा संच १९२२ साली आला, कोडॅकची १६ मिलिमीटरची फिल्म १९२३ साली आणि ८ मिलिमीटरची १९३२ साली. एका रिळात जेमतेम चार मिनिटे मावत, आवाज नसे आणि खर्च मोठा असे. संस्थानिक, व्यापारी, परदेशी शिकून आलेले हौशी गृहस्थ यांच्यापुरतीच ही चैन होती. म्हणून १९२०-३०च्या दशकांतील खेड्यातील लग्ने चलत्चित्रात जवळजवळ आढळत नाहीत.

९/
मुळशीच्या दृष्टीने ही उणीव साधी नाही. याच दशकात या तालुक्यातील सुमारे पन्नास गावे बाधित होत होती. टाटांच्या जलविद्युत प्रकल्पासाठी मुळा आणि नीला यांच्या संगमाजवळ धरण उभे राहत होते. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, मावळ्यांनी सत्याग्रहाला प्रारंभ केला. सेनापती बापट, विनायकराव भुस्कुटे हे त्याचे नेते. ‘जान किंवा जमीन’ ही त्यांची घोषणा. १९२४ पर्यंत लढा चालला; धरण थांबले नाही.

१०/
भूगाव धरणाच्या खालच्या अंगाला, पुण्याच्या बाजूला असल्याने ते पाण्याखाली गेले नाही. वरच्या खोऱ्यातील अंगणे, खळी, गोठे आणि भाताची खाचरे मात्र जलाशयात गेली. १९२७ साली भिरा येथील वीजगृह सुरू झाले आणि मुळशीच्या पाण्यावरची वीज मुंबईला मिळू लागली. आज त्याच जलाशयाच्या काठावर प्री-वेडिंगचे चित्रण होते. पार्श्वभूमीला दिसणारे शांत पाणी ही निसर्गाची देणगी नव्हे, तो शंभर वर्षांपूर्वीच्या विस्थापनाचा परिणाम आहे.

११/
शहरात लग्नाची जागा आणखी वेगळ्या कारणाने बदलली. वाड्यांतील बिऱ्हाडे लहान होत गेली, पुढे वाडे जाऊन सदनिका आल्या. अंगणच उरले नाही, तेव्हा मंगल कार्यालय आले : भाड्याचे सभागृह, आयते बोहले, पंगतीची सोय आणि विजेचे दिवे. छायाचित्रकारालाही ते सोयीचे ठरले. भिंत ठरलेली, उजेड ठरलेला, पाहुण्यांच्या रांगेची दिशा ठरलेली.

१२/
लग्न-चित्रण सर्वसामान्यांपर्यंत नेले ते व्हिडिओ कॅसेटने. जपानमध्ये व्हीएचएस १९७६ साली आले. भारतात १९८२च्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने रंगीत दूरदर्शन सुरू झाले आणि व्हिडिओची लाट आली. १९८३ नंतर कॅमेरा आणि रेकॉर्डर एकाच यंत्रात सामावले. ‘शूटिंगवाला’ हा लग्नखर्चाच्या यादीतील नवा मानकरी झाला. त्याच्या मागे हॅलोजनचा दिवा उचलून धरणारा आणि वायर सावरणारा मुलगा असे.

१३/
तीन तासांची ती कॅसेट आज कंटाळवाणी वाटते, पण तिचा हिशेब निराळा होता. प्रत्येक पाहुणा दिसला पाहिजे, हा तिचा नियम. आहेर देणारी रांग, पंगत, उन्हात बसलेले म्हातारे, रुखवत, वरात, सासरी निघताना डोळे पुसणाऱ्या मावश्या, सारे त्यात येई. गावच्या स्मरणाचे काम ती करू लागली. मात्र साक्षीदार आता सूचनाही देऊ लागला होता. मंगळसूत्र घालताना “जरा थांबा, इकडे बघा” हे वाक्य विधीचाच भाग बनले.

१४/
साक्ष हा शब्द येथे अलंकारिक नाही. हिंदू विवाह कायदा १९५५ च्या कलम ७ नुसार विवाह पक्षांच्या रूढ विधींप्रमाणे व्हावा लागतो. सप्तपदी त्या विधींत असेल, तर सातव्या पावलाला तो पूर्ण होतो. भाऊराव लोखंडे विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात १९६५ साली सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्या विवाहाचा आरोप टिकू दिला नाही, कारण आवश्यक विधी झाल्याचे सिद्ध झाले नव्हते. केवळ हार घातल्याने विवाह ठरत नाही, असा त्याचा आशय. त्या रात्री काय घडले, हे न्यायालयाला केवळ माणसांच्या जबानीवरून ठरवावे लागले.

१५/
चित्रणाचे व्याकरण पुन्हा बदलले ते २००८ नंतर. त्या वर्षी छायाचित्रणाच्या कॅमेऱ्यातच उत्तम चलत्चित्रणाची सोय आली. मोठ्या संवेदकामुळे कमी उजेडात काम होऊ लागले, हॅलोजन मागे पडला. तीन तासांच्या जागी पाच मिनिटांची ‘हायलाइट्स’ आली. चित्रकारांना हवासा झाला तो सूर्यास्तापूर्वीचा ‘गोल्डन अवर’. तिरपा प्रकाश वातावरणातून लांबचा प्रवास करतो, निळा अंश विखुरतो, सोनेरी उरतो. हवेत धूळ असेल तर किरण दिसू लागतात. राम दैवज्ञाने वर्णिलेला हेमंतातील सूर्य साधारण हाच. जो मुहूर्त कॅमेऱ्याला सर्वांत अवघड होता, तो आता सर्वांत लाडका झाला. धूळ मात्र उरली नाही म्हणून धुराचे यंत्र आणतात.

१६/
या उजेडाला उघडी जागा हवी आणि मागे काहीतरी ‘रस्टिक’ हवे. ती कल्पना बाहेरून आली. इंग्लंड-वेल्समध्ये विवाह प्रार्थनास्थळी किंवा नोंदणी कार्यालयात होत. १९९४च्या कायद्याने, १९९५ पासून, इतर मान्यताप्राप्त वास्तूंतही नोंदणी विवाहाला मुभा मिळाली. यंत्रांमुळे रिकामी पडलेली जुनी धान्यकोठारे, म्हणजे ‘बार्न’, लग्नासाठी उघडली गेली. अमेरिकेतही ही आवड पसरली आणि इंटरनेटवरील चित्रांतून जगभर गेली. हिंदू विवाहाला आपल्याकडे जागेची अशी अट कधीच नव्हती. आपण तेथून फक्त देखावा घेतला.

१७/
मावळातील गोठा त्या देखाव्याशी जुळत नाही. येथे पाऊस धो धो कोसळतो, म्हणून छप्पर बुटके आणि उतरते. कुडाच्या किंवा दगडमातीच्या भिंती, आत दावण आणि गव्हाण, शेणामुताचा वास, माळ्यावर भाताचा पेंढा. शंभर माणसे मावतील असे उंच लाकडी कोठार भाताच्या लहान खाचरांच्या प्रदेशाला लागतच नव्हते. यंत्राने बांधलेले चौकोनी गठ्ठेही येथले नव्हेत; येथे पेंढ्या बांधून उडवी रचत.

१८/
आणि हे सारे भूगावच्या पट्ट्यातच का, याचे उत्तर जमिनीत आहे. चांदणी चौकातून पौडकडे निघाले की भूगाव, भुकूम, पिरंगुट लागतात. डोंगर दिसतात आणि शहर अर्ध्या तासावर राहते. १९९०च्या दशकाच्या अखेरीस जवळच्या हिंजवडीत माहिती-तंत्रज्ञानाचे उद्योग आले, पुणे पश्चिमेकडे सरकले आणि खाचरांना भाताच्या उत्पन्नाहून कितीतरी अधिक भाव मिळू लागला. काही शेतकऱ्यांनी जमिनी विकल्या, काहींनी स्वतःच लॉन्स काढली. लग्नसराईने अनेक घरांना उत्पन्न दिले, हेही तितकेच खरे. त्यामुळे या बदलाकडे केवळ ऱ्हास म्हणून पाहणे अन्यायाचे ठरेल.

१९/
इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र येथे एक निकडीचे काम दिसते. १९८० आणि ९०च्या दशकांत या भागातील अनेक लग्ने घरच्या दारातच लागली आणि कॅसेटवर उतरली. त्यांत वधू-वरांच्या मागे कौलारू घर आहे, खरा गोठा आहे, बिचकलेली जनावरे आहेत, खाचरे आहेत, जुन्या लुगड्यांतील बायका आणि त्यांची बोली आहे. चित्रकाराने त्याकडे मुद्दाम पाहिले नाही, म्हणूनच ते न सजवता टिपले गेले.

२०/
चुंबकीय फीत कायमची नसते. दमट हवेत तिला बुरशी लागते, थर सुटतो, चित्र विरते. फुनाई या जपानी कंपनीने २०१६ साली व्हीएचएस यंत्रांचे उत्पादन थांबवले. तेव्हापासून फीत वाचवणे आणि ती वाचणारे यंत्र मिळवणे हे दोन्ही प्रश्न एकदम उभे आहेत. घरातील कॅसेट कपाटात असेल, तर तिचे डिजिटल रूपांतर करावे आणि वडीलधाऱ्यांना शेजारी बसवून ती पाहावी. कोण कोणाचे, घर कोणते, मागची जमीन कोणाची, आता तेथे काय आहे, हे वेळ-मिनिटासह लिहून ठेवावे. नावांवाचून फीत ही निनावी गर्दी ठरते.

२१/
मुळशी धरणाखाली गेलेल्या अंगणांतील लग्नांची अशी एकही हलती प्रतिमा शोधू गेल्यास हाती लागणे कठीण, कारण तेव्हा कॅमेरा त्या माणसांचा नव्हता. पुढच्या दोन पिढ्यांकडे तो आला. भूगावच्या दारातील मांडव, गोठा आणि खरा गोरज अजून त्या काळ्या डब्यांत आहे. तो तेथून बाहेर काढायला आणखी किती वर्षे मिळतील, हे फितीवर अवलंबून आहे.

(समाप्त)