टोचणी

मराठी भाषेत टोचण्याचा कारभार मोठा आहे. करवंदीचा काटा पायाला टोचतो, पेडव्याचा काटा घशाला टोचतो, शब्द मनाला टोचतात, आणि चुकून एखाद्याचं वाईट केलं तर मागाहून जी छळते तीही टोचणीच. मालवणच्या माणसाला तर समोरच्याला थोडंसं टोचल्याखेरीज आपण बोललो असं वाटतच नाही. हे सगळं टोचणं आजवर फुकट मिळत होतं. पैसे मोजून, आरशासमोर उभं राहून, आपल्याच हाताने आपल्याच तोंडाला टोचून घेणं हा प्रकार मात्र अगदी नवा, असं आपल्याला वाटतं. तो तितकासा नवा नाही, एवढंच मला सांगायचं आहे. पण मालवणी माणूस ‘एवढंच’ सांगायला बसला, की पाच पानं कुठे गेली नाहीत.

हे यंत्र मी पहिल्यांदा पाहिलं ते माझ्या धाकट्या भावजयीच्या पिशवीत. ती मुंबईला एका खाजगी कंपनीत नोकरी करते. वय बावन्न. कातडी इतकी नाजूक की साबण बदलला तरी गालावर चट्टे उठतात. यंत्र म्हणजे हातभर नव्हे, वीतभर दांड्याला लावलेला एक छोटासा रूळ. रस्त्यावरच्या रोडरोलरचं नातवंड म्हणावं असा. त्या रुळावर बारीक बारीक ५४० सुया. हा रूळ गालावरून, कपाळावरून फिरवायचा, म्हणजे सुरकुत्या मावळतात असं खोक्यावर लिहिलं होतं.

आमच्या काकीने तो हातात घेऊन खालीवर पाहिला. काकी चौऱ्याऐंशी वर्षांची आहे आणि तिला नवीन वस्तूचं भय नाही.

“ह्या काय गो? भिंतीक रंग लावतत तो रूळ तर नाय मां?”

भावजयीने समजावून सांगितलं.

“पाचशे चाळीस सुयो?” काकी म्हणाली, “आमची गोंदणारीण तीन सुयांत काम करी. आणि वर गाणा म्हणी.”

काकीच्या हनुवटीवर एक हिरवट ठिपका आहे. त्या ठिपक्याकडे बोट दाखवून तिने विषय संपवला. पण मला तिथूनच सुरुवात सापडली.

सुईने कातडी टोचण्याची माणसाची हौस जुनी आहे. १९९१ साली आल्प्स पर्वतात ऑस्ट्रिया आणि इटली यांच्या हद्दीवर बर्फात एक माणूस सापडला. त्याला तिथे पडून सुमारे ५,३०० वर्षं झाली होती. त्याच्या अंगावर कोळशाची पूड भरलेल्या ६१ खुणा मोजल्या गेल्या. त्यांतल्या पुष्कळशा कंबर, गुडघा, घोटा अशा दुखऱ्या जागी आहेत, म्हणून संशोधकांचा कयास असा की ही नटण्यापेक्षा औषधाची टोचणी असावी. म्हणजे कंबरदुखीवर काहीतरी टोचून घ्यायला माणूस तेव्हाही तयार होता.

आपल्याकडचं गोंदण मात्र औषधासाठी नव्हतं. ते राहण्यासाठी होतं. दागिने मेल्यावर काढून घेतात, गोंदण तेवढं बरोबर येतं, अशी आपल्या बायकांची समजूत. आमच्या गावी गोंदणारीण यायची. काजळीचं काळं, दोऱ्याने एकत्र बांधलेल्या दोन-तीन सुया, आणि मुलीने हात ओढून घेऊ नये म्हणून गाणं, एवढं तिचं भांडवल. टोचून झालं की वर हळद. तुळस, चंद्रकोर, ठिपके अशी ठरलेली नक्षी असायची. माझ्या आजीच्या हातावर मात्र एक गलबत होतं. तिचा भाऊ खलाशी म्हणून गेला आणि परत आला नाही. त्याचा फोटो नव्हता. नाव गोंदावं तर आजीला अक्षरओळख नव्हती, आणि गोंदणारणीला तिच्याहून नव्हती. तेव्हा तिने एक शीड आणि खाली एक वाकडी रेघ काढून दिली. म्हातारपणी आजीचा हात सुरकुतला, तसं ते गलबत लाटांवर हलल्यासारखं दिसायचं. त्या सुरकुत्या कुणी रूळ फिरवून सपाट केल्या असत्या, तर आजीने त्याला घरात घेतलं नसतं.

खूण मागे राहावी ही इच्छा काही बायकांचीच नाही. समोरच्या सिंधुदुर्ग किल्ल्याची पायाभरणी १६६४ साली झाली. तिथे चुन्यात उमटलेला शिवछत्रपतींच्या हातापायांचा ठसा म्हणून दाखवतात, आणि होडीत बसायला घाबरणारी माणसंदेखील तो बघायला जीव मुठीत धरून जातात.

गोंदण का टिकतं, याचा उलगडा तसा अलीकडचा. कातडीतल्या सफाई कामगार पेशी ती काजळी गिळून बसतात, हे ठाऊक होतं. पण पेशी मरतात, मग रंग जात का नाही? फ्रान्समध्ये मार्से इथल्या संशोधकांनी २०१८ साली उंदरांच्या शेपट्या गोंदून दाखवलं, की मरणारी पेशी रंग सोडते आणि तिच्या जागी आलेली नवी पेशी तो उचलते. म्हणजे हे सरळ सासूकडून सुनेकडे आलेलं पाटल्यांचं घबाड आहे. माणसं बदलतात, ऐवज घरातच राहतो.

आता दुसरी सुई. चेहऱ्याच्या सौंदर्यासाठी आजवर सर्वांत मोठं काम कुठल्या टोचणीने केलं असेल, तर ते देवीच्या. एडवर्ड जेन्नरने १७९६ साली लस टोचली. ती बगदाद-बसरामार्गे, एकाच्या दंडावरून दुसऱ्याच्या दंडावर अशी मजल दरमजल करत मुंबईला पोचली, आणि १४ जून १८०२ रोजी ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला टोचली गेली. हिंदुस्थानातली ही पहिली लस. त्यापूर्वी देवी येऊन गेलेला माणूस वाचला, तर तोंडावर वणांची जाळी घेऊन जगायचा. आमच्या भाषेत लस टोचण्याला ‘देवी काढणे’ म्हणत. १९७५ च्या मे महिन्यात आपल्या देशातला शेवटचा स्थानिक रुग्ण सापडला आणि १९७७ साली भारत देवीमुक्त झाल्याचं जाहीर झालं. माझ्या पिढीच्या दंडावर त्या टोचणीचा वण आहे. आमच्या मुलांच्या दंडावर असलाच तर बीसीजीचा असतो, देवीचा नाही. दंडावरच्या एका वणाच्या बदल्यात कोट्यवधी चेहरे वाचले. एवढा स्वस्त प्रसाधनाचा व्यवहार पुन्हा झालेला नाही.

तिसरी सुई म्हणजे भावजयीच्या पिशवीतली, आणि तिची आई गोंदणाचीच सुई. न्यूयॉर्कच्या सॅम्युएल ओ’रायलीने १८९१ साली विजेवर चालणाऱ्या गोंदणयंत्राचं पेटंट घेतलं. ते मुळात एडिसनच्या विजेच्या लेखणीवरून बेतलेलं. पुढे शंभर वर्षांनी कॅनडातले कामिराँ आणि दुसे हे दोघे त्या यंत्राने चेहऱ्यावरच्या पांढऱ्या वणांत कातडीच्या रंगाची शाई भरत होते. वण झाकावा एवढाच हेतू. एक-दोन वर्षांनी पाहतात, तर शाई गेलेली, पण वण सुधारलेला! म्हणजे काम शाईने केलं नव्हतं, टोचण्याने केलं होतं. मग त्यांनी शाई न घालताच टोचायला सुरुवात केली आणि १९९७ साली ते छापून प्रसिद्ध केलं. त्याच सुमारास केप टाउनचे प्लास्टिक सर्जन डेस्मंड फर्नांडिस यांनी टोचणीचा रूळ बनवला. “फर्नांडिस? वेंगुर्ल्याचो काय?” असं काकीने विचारलं. नातं लावण्याच्या भानगडीत मी पडलो नाही.

यातली मेख अशी, की सुई स्वतः काहीच चांगलं करत नाही. ती जखम करते. जखम झाली की रक्तातल्या चपट्या पेशी हाकाटी करतात, शेजारच्या पेशी धावून येतात आणि कोलॅजन नावाचे धागे विणून जागा भरून काढतात. या विणकामाला महिने लागतात. पाऊस पडला की गावकरी जमून पडलेला बांध पुन्हा घालतात, तसंच. मात्र बांध घालून घ्यावा म्हणून आपणच तो पाडायचा, तर किती पाडावा हे कळायला हवं.

इथे मिलिमीटरचा प्रश्न येतो. कातडीचा वरचा थर चेहऱ्यावर साधारण मिलिमीटरचा दहावा हिस्सा; धागे विणणारी मंडळी त्याच्या खाली राहतात. डॉक्टर अर्धा ते दीड मिलिमीटर आणि वेळप्रसंगी त्याहून लांब सुया वापरतात, जागा बधिर करून, निर्जंतुक करून, आणि पुन्हा टोचण्याआधी चार-सहा आठवडे थांबून. घरगुती रुळाच्या सुया बहुधा ०.२ किंवा ०.३ मिलिमीटरच्या. एवढ्याने नवे धागे विणले जाण्याची फारशी आशा धरू नये. लांब सुयांचा रूळ घरी आणला तर काम होण्याआधी नुकसान होण्याचीच शक्यता अधिक. आपल्यासारख्या सावळ्या-गव्हाळ कातडीवर टोचल्या जागी काळे डाग उमटतात. गाठीसारखे वण येण्याची प्रवृत्ती असेल, मुरुमं पिकली असतील, इसब असेल, रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर या वाटेला जाऊच नये.

टोचून वर सीरम लावलं की ते आत मुरतं, हा खोक्यावरचा दुसरा दावा. काकीला हा लगेच पटला. मोरावळ्याचे आवळे आपण टोचतोच की, म्हणजे पाक आत जातो. “आवळे टोचूक बरा असा,” असं म्हणून तिने कोरा करकरीत रूळ उकळत्या पाण्यातून काढून आवळ्यांवर फिरवलासुद्धा. आवळ्यांना त्याचा पत्ता लागला नाही. शेवटी तिने काटाच घेतला. त्वचेचे डॉक्टर ०.३ मिलिमीटरबद्दल जे सांगतात, ते काकीने आवळ्यावर सिद्ध केलं. शिवाय मोरावळ्यात मुरूनही आवळा सुरकुततोच, हे मी भावजयीच्या नजरेस आणलं. ते तिला आवडलं नाही.

खरं तर मुरण्याचीच भीती अधिक. वरून लावायच्या वस्तू आत टोचून घालण्यासाठी बनवलेल्या नसतात. टोचण्यासोबत अशी द्रव्यं लावल्यामुळे चेहऱ्यावर गाठी उठलेल्या तीन स्त्रियांची हकीकत अमेरिकेतल्या एका वैद्यकीय नियतकालिकात २०१४ साली आली. न्यू मेक्सिको राज्यातल्या एका बिनपरवाना सौंदर्यगृहात स्वतःचंच रक्त लावून चेहरा टोचून घेतलेल्या स्त्रियांना एचआयव्हीची लागण झाल्याचं २०१८ साली उघडकीस आलं. २०२४ च्या सरकारी अहवालात अशा तिघींची नोंद आहे. गोंदणारीण एकाच सुयांनी सगळी वाडी टोचायची. तिला जंतू ठाऊक नव्हते. आपल्याला आहेत, आणि तरी बहिणीबहिणी एक रूळ वापरतात.

मग हळद-तेल? हळदीने जखम भरते, याचं पेटंट १९९५ साली अमेरिकेतल्या मिसिसिपी विद्यापीठाच्या नावे दिलं गेलं होतं. आमच्या शेजारच्या गोव्यातल्या माशेलात जन्मलेले डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा वैज्ञानिक संशोधन परिषदेचे प्रमुख होते. परिषदेने जुने ग्रंथ आणि लेख मिळून ३२ पुरावे पुढे टाकले आणि १९९७ साली ते पेटंट रद्द झालं. पण पेटंट रद्द झालं म्हणून डब्यातली हळद निर्जंतुक होत नाही. ती ताज्या टोचणीवर चोळू नये. आमचं मुठेल मात्र खरं गुणी. रातांब्याच्या बिया सुकवून, कुटून, पाण्यात उकळून वर आलेलं तेल थिजवायचं आणि मुठीत वळून गोळे करायचे. टाचेच्या भेगांवर चोळलं की अंगाच्या उबेने विरघळतं. हल्ली मुंबईत तेच ‘कोकम बटर’ म्हणून डबीत मिळतं, आणि डबीची किंमत गोळ्याला ठाऊक नाही हे बरं आहे.

आणि सुरकुती पाडणारा मुख्य आरोपी तर डोक्यावर बसलेला असतो. २०१२ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या वैद्यकीय नियतकालिकात एका ट्रकचालकाचा फोटो आला होता. अठ्ठावीस वर्षं गाडी चालवलेला, एकोणसत्तर वर्षांचा. खिडकीकडचा डावा गाल आजोबांचा, उजवा काकांचा! खिडकीच्या काचेतूनही येणारे अतिनील किरण हे काम करतात. आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे बसतो, कणकवली-मालवण एस. टी.च्या ड्रायव्हरने कुठला गाल सांभाळावा ते त्याने ठरवावं.

भावजय पुढे मुंबईत त्वचेच्या डॉक्टरांकडे गेली. त्यांनी तिची नाजूक कातडी पाहून टोचणीचं नाव काढलं नाही. बिनवासाचं साधं मलम, उन्हाचं मलम आणि छत्री, एवढंच लिहून दिलं. पण रूळ का घेतला होता, ते तिने जाण्याच्या आदल्या रात्री काकीला सांगितलं. कचेरीत नव्या मुलांच्या शेजारी ती दमलेली दिसते, असं तिच्या वरिष्ठाने तिला दोनदा ऐकवलं होतं. काम कमी पडतं असं कुणी म्हणालं नव्हतं. चेहरा कमी पडत होता.

काकी हसली नाही. १९६२ साली लग्न होऊन ती लालबागच्या चाळीत गेली, तेव्हा हनुवटीचा ठिपका पाहून बायका तिला गावंढळ म्हणायच्या. वर्षभर ती त्यावर स्नो आणि पावडर थापून नळावर जात होती.

“माका पण तेव्हा लाजच वाटली होती गो,” ती म्हणाली. मग थोडा वेळ तिने हनुवटी चाचपली.

“त्या सायबाक एकदा हंय घेवन ये. टोचूचा काम मी करतंय.”